बेटकुळीच्या आत

हाताची मूठ वळा आणि हात कोपरात दुमडा. दंडावर बेटकुळी उठते. लहानपणी प्रत्येकानं ती कुणाला तरी अभिमानानं दाखवलेली असते. हात सरळ केला की तो दगडासारखा कडक भाग पुन्हा मऊ होतो. या साध्या गोष्टीबद्दल आपल्या डोक्यात एक समजूत पक्की बसलेली आहे: स्नायू आखडायला ऊर्जा लागते, आणि सैल सोडणं म्हणजे विश्रांती, त्याला काही लागत नाही.

आता एक प्रश्न. माणूस गेल्यावर शरीरात ऊर्जा तयार होणं थांबतं. म्हणजे सगळे स्नायू सैल पडून तसेच राहायला हवेत. सुरुवातीला ते सैल पडतातही. पण दोन-चार तासांत जबडा आणि मान ताठ होऊ लागते, मग हातपाय, आणि बारा तासांच्या आसपास सगळं शरीर लाकडासारखं होतं. ऊर्जा संपल्यावर स्नायू ताठ का व्हावा? मला हा प्रश्न स्नायूंच्या सगळ्या शास्त्राची किल्ली वाटतो. त्याचं उत्तर कळलं की बेटकुळीही कळते, थकवाही कळतो आणि हृदयाचे काही आजारही कळतात. पण त्यासाठी आधी स्नायूच्या आत बरंच खोल उतरावं लागेल.

स्नायू म्हणजे लांबच लांब धाग्यांची जुडी. यातला एकेक धागा ही एक पेशी असते. जाडीला केसासारखी किंवा त्याहून बारीक, पण लांबीला काही सेंटिमीटरही असू शकते. त्या पेशीच्या आत आणखी बारीक धागे ठासून भरलेले असतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली या धाग्यांवर गडद-फिकट, गडद-फिकट असे पट्टे दिसतात. फिकट पट्ट्याच्या मधोमध एक बारीक रेघ असते. एका रेघेपासून पुढच्या रेघेपर्यंतचा तुकडा म्हणजे सार्कोमिअर. स्नायूचा खरा कामगार हाच. त्याची लांबी साधारण अडीच मायक्रोमीटर, म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये असे चार हजार तुकडे आगगाडीच्या डब्यांसारखे एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येक डबा अर्धा मायक्रोमीटर आखडला, तर दहा सेंटिमीटरचा धागा दोन सेंटिमीटरनं आखूड होतो. नुसत्या डोळ्यांना दिसणारी हालचाल होते ती अशी, न दिसणाऱ्या हालचालींची बेरीज होऊन.

पण तो डबा आखडतो कसा? बराच काळ असं मानलं जात होतं की आतली प्रथिनंच घडी पडून किंवा गुंडाळली जाऊन आखूड होत असावीत. ओढलेलं रबर सोडल्यावर आखडतं, तसंच काहीतरी. ही कल्पना मोडली १९५४ साली. त्या वर्षी मे महिन्यात 'नेचर' या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन शोधनिबंध पाठोपाठ आले. पहिला केंब्रिजमधल्या अँड्र्यू हक्सले आणि रॉल्फ नीडरगेर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सले आणि जीन हॅन्सन यांचा. दोन्ही हक्सले एकमेकांचे कुणी लागत नव्हते. पहिल्या जोडीनं बेडकाचे जिवंत स्नायूधागे पाहिले, दुसऱ्या जोडीनं सशाच्या स्नायूतून वेगळे काढलेले बारीक तंतू. दोघांना दिसलं ते एकच: स्नायू आखडताना गडद पट्ट्याची रुंदी बदलत नाही, फक्त फिकट पट्टा अरुंद होत जातो.

याचा अर्थ हातानं करून पाहण्यासारखा आहे. दोन्ही तळहात समोरासमोर धरा आणि बोटांची टोकं जेमतेम एकमेकांत अडकतील असं ठेवा. आता तळहात जवळ आणा. बोटं एकमेकांच्या फटींत सरकतात आणि दोन मनगटांमधलं अंतर कमी होतं, पण एकही बोट आखूड झालेलं नसतं. सार्कोमिअरमध्ये हेच घडतं. दोन्ही टोकांच्या रेघांपासून ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे बारीक तंतू आतल्या बाजूला निघालेले असतात, आणि मधोमध मायोसिनचे जाड तंतू असतात. आखडताना ॲक्टिनचे तंतू मायोसिनच्या फटींत आत आत सरकतात. कुणीही आखडत नाही, सगळे सरकतात.

सरकतात म्हणजे कुणीतरी ओढत असणार. ते काम मायोसिनचं.

मायोसिनच्या एका रेणूला लांब शेपूट आणि दोन डोकी असतात. असे सुमारे तीनशे रेणू शेपट्या एकत्र बांधून एक जाड तंतू तयार करतात, आणि त्यांची सहाशेच्या आसपास डोकी तंतूच्या अंगावरून बाहेर डोकावत राहतात. अर्धी डोकी एका टोकाकडे तोंड करून, अर्धी दुसऱ्या टोकाकडे. म्हणूनच दोन्ही बाजूंचे ॲक्टिन तंतू मध्याकडे ओढले जातात. प्रत्येक डोकं शेजारच्या ॲक्टिनला पकडतं, मान वाकवून हिसका देतं, सोडतं, मान पुन्हा ताणून पुढची जागा पकडतं. एका हिसक्यात ॲक्टिन सरकतो पाच ते दहा नॅनोमीटर. जोर असतो काही पिकोन्यूटन. तळहातावर सफरचंद ठेवल्यावर जो भार जाणवतो तो साधारण एक न्यूटन. त्याचे लाख कोटी भाग केले तर त्यातला एक म्हणजे एक पिकोन्यूटन. इतका क्षुल्लक जोर मोजताही येईल असं वाटत नाही, पण १९९४ साली जेम्स स्पुडिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेझरच्या किरणांच्या चिमटीत ॲक्टिनचा एक तंतू ताणून धरला आणि मायोसिनच्या एकाच रेणूचा एकेक हिसका मोजून दाखवला. माणसाच्या सगळ्या हालचाली ज्याच्यातून होतात, तो हिसका एकेकटा पकडून मोजला गेला, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

एका जाड तंतूवरची सहाशे डोकी एकदम ओढत नाहीत. विहिरीतून दोरानं बादली ओढताना आपण दोन्ही हात एकदम सोडत नाही. एक हात दोर धरून ठेवतो, तेव्हा दुसरा पुढे जातो. इथेही तसंच. काही डोकी धरून असतात, काही हिसका देत असतात, काही सुटून मान ताणत असतात. त्यामुळे तंतू मागे घसरत नाही आणि ओढ एकसलग राहते.

आता ऊर्जेकडे येऊ. पेशीतलं चलनी नाणं म्हणजे एटीपी. हा छोटा रेणू फुटला की एक फॉस्फेट सुटतो आणि ऊर्जा मिळते. मायोसिनच एटीपी फोडतं, हे मॉस्कोमध्ये व्लादिमीर एंगेलहार्ट आणि मिलित्सा ल्युबिमोवा यांनी १९३९ साली दाखवलं. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत हंगेरीतल्या सेगेड इथे आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी, इलोना बंगा आणि ब्रुनो श्ट्राउब यांच्या गटाला ॲक्टिन सापडलं. त्यांनी ॲक्टिन-मायोसिनचे धागे काचेच्या भांड्यात तयार केले आणि त्यात एटीपी घातलं. धागे आखडले. स्नायू नाही, पेशी नाही, जीव नाही. दोन प्रथिनं आणि एक रसायन, आणि हालचाल!

मग साहजिकच वाटेल की एटीपी फुटतं, त्याच क्षणी डोकं हिसका देतं. इथेच गंमत आहे. १९७१ साली रिचर्ड लिम आणि एडविन टेलर यांनी या क्रिया कोणत्या क्रमानं होतात ते सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजून पाहिलं. एटीपी येऊन चिकटल्याबरोबर सगळ्यात आधी होतं ते हे, की डोकं ॲक्टिनला *सोडतं*. एटीपी अजून फुटलेलंही नसतं. फुटतं ते नंतर, डोकं मोकळं असताना, आणि त्यातून मिळालेली ऊर्जा मान मागे ताणण्यात खर्च होते, बंदुकीचा घोडा चढवून ठेवावा तशी. ताणलेलं डोकं मग ॲक्टिनची पुढची जागा हलकेच धरतं. फुटलेल्या एटीपीचा फॉस्फेट बाहेर पडला की पकड घट्ट होते आणि चढवलेला घोडा सुटतो. हिसका बसतो. उरलेला तुकडाही निघून जातो, आणि डोकं ॲक्टिनला घट्ट चिकटून बसतं. ते सुटणार कधी? पुढचं एटीपी येईल तेव्हा.

म्हणजे हिसक्याचे पैसे आधीच भरलेले असतात. आणि घट्ट धरून राहणं ही डोक्याची अगदी तळाची, काहीही न मागणारी अवस्था असते. सुटायला मात्र दर वेळी नवं नाणं लागतं.

मृत शरीर ताठ का होतं, ते आता सांगता येईल. एटीपी बनणं थांबतं, उरलेला साठा हळूहळू संपतो. पेशीत कॅल्शियम झिरपतं (त्याचं काम पुढे सांगतो) आणि डोकी ॲक्टिनला जाऊन चिकटतात. सोडवायला एटीपी नाही. अब्जावधी डोकी जिथल्या तिथे अडकून बसतात. एक-दोन दिवसांनी हा ताठपणा जातो, पण डोकी सुटली म्हणून नव्हे. तंतूंची प्रथिनंच तुटू लागतात म्हणून.

जिवंत शरीरात मात्र एक अडचण उरते. एटीपी भरपूर आहे, डोकी तयार आहेत, ॲक्टिन शेजारीच आहे. मग स्नायू सतत आखडलेला का राहत नाही? त्याला थांबवतं कोण?

ॲक्टिनच्या तंतूवर एक लांब दोरीसारखं प्रथिन पसरलेलं असतं, ट्रोपोमायोसिन. डोकी जिथे पकडणार त्या जागा ते अडवून धरतं. त्यावर ठरावीक अंतरानं ट्रोपोनिन नावाचं पहारेकरी प्रथिन बसलेलं असतं. या पहारेकऱ्याला कॅल्शियम येऊन चिकटलं की तो आपला आकार बदलतो, दोरी थोडी बाजूला सरकते आणि जागा मोकळ्या होतात. कॅल्शियम गेलं की दोरी परत जागेवर. हे ट्रोपोनिन १९६०च्या दशकात जपानमध्ये सेत्सुरो एबाशी यांनी शोधलं, तेव्हा एवढा साधा क्षार स्नायूसारख्या गोष्टीवर हुकूम चालवतो हे अनेकांना पटत नव्हतं.

खरं तर कॅल्शियमचा सुगावा फार आधी लागला होता, आणि तोही एका चुकीमुळे. लंडनमध्ये सिडनी रिंगर बेडकाचं हृदय क्षारांच्या पाण्यात ठेवून प्रयोग करत होते. हृदय छान धडधडत होतं. मग लक्षात आलं की द्रावण ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी चुकून नळाच्या पाण्यात बनवलं गेलं होतं. शुद्ध पाणी वापरून प्रयोग पुन्हा केला, तर हृदयाचे ठोके मंदावत थांबले. नळाच्या पाण्यात असलेलं आणि शुद्ध पाण्यात नसलेलं ते कॅल्शियम होतं. रिंगर यांनी हे १८८३ साली प्रसिद्ध केलं.

हे कॅल्शियम पेशीच्या आतच, तंतूंना वेढून असलेल्या कोठारांमध्ये भरून ठेवलेलं असतं. कोठाराच्या आत त्याचं प्रमाण बाहेरच्यापेक्षा हजारो पटींनी जास्त. मेंदूकडून आलेला आदेश मज्जातंतूच्या टोकाशी पोचतो, तिथून ॲसिटिलकोलिन हे रसायन सुटतं आणि स्नायूपेशीच्या पडद्यावर विजेची लहर उठते. ती लहर पडद्याच्या बोगद्यांसारख्या नळ्यांमधून पेशीच्या पोटात शिरते आणि कोठारांचे दरवाजे उघडतात. कॅल्शियम बाहेर धावतं, पहारेकऱ्यांना चिकटतं, दोऱ्या सरकतात, डोकी पकडतात. बेटकुळी.

आता हात सैल सोडा. आदेश थांबला, दरवाजे बंद झाले, पण बाहेर पडलेलं कॅल्शियम आपण होऊन परत जाणार नाही, कारण आत आधीच दाटी आहे. त्याला चढावर ढकलत न्यावं लागतं. हे काम कोठाराच्या भिंतीतले पंप करतात, आणि कॅल्शियमचे दोन आयन आत टाकायला एक एटीपी मोजतात. एकाच जागी ताणून धरलेल्या स्नायूच्या एकूण खर्चातला साधारण तिसरा हिस्सा या पंपांवर जातो. म्हणजे सोडण्याचा खर्च दोन ठिकाणी आहे: प्रत्येक डोकं सोडवायला, आणि दरवाजातून सुटलेलं कॅल्शियम पुन्हा कोंडायला.

सोडणं किती जलद करता येतं, यावर स्नायूचा वेग ठरतो. टोडफिश नावाचा मासा पोटातल्या हवेच्या पिशवीभोवतीचा स्नायू सेकंदाला दोनशे वेळांपर्यंत आखडून-सोडून गुणगुणल्यासारखा आवाज काढतो. इतक्या वेगासाठी त्याचं कॅल्शियम क्षणार्धात गोळा होतं आणि डोकी पकडल्या पकडल्या सुटतात. पण जी डोकी लगेच सुटतात ती फार जोर कशी लावणार? त्या स्नायूचा जोर पोहण्याच्या स्नायूच्या दहाव्या हिश्शाएवढाच असतो. याच्या अगदी उलट टोकाला शिंपले आहेत. त्यांचा कवच मिटून धरणारा स्नायू एकदा आवळला की तासन्‌तास तसाच राहू शकतो, जवळजवळ काहीही न खर्चता, कारण त्यांनी पकड न सोडण्याचीच सोय करून घेतलेली आहे.

माणसाच्या स्नायूत एटीपीचा साठा थक्क करावा इतका कमी असतो. जीव तोडून पळालं तर दोन-तीन सेकंदांत संपेल एवढाच. त्यामागे क्रिएटिन फॉस्फेट नावाची राखीव गंगाजळी असते, ती धरून साधारण दहा सेकंद. शंभर मीटरची शर्यत जवळपास एवढ्यातच संपते. त्यापुढे साखर आणि प्राणवायू वापरून एटीपी बनवत राहावं लागतं.

मग इथे एक शंका यायला हवी. धावून धावून एटीपी संपलं, तर जिवंतपणीच स्नायू मृतासारखा ताठ का होत नाही? कारण शरीर तशी वेळ येऊच देत नाही. क्रिएटिन फॉस्फेट मोडताना सुटलेला फॉस्फेट पेशीत साठत जातो. हिसका बसण्यासाठी डोक्यातून फॉस्फेट बाहेर पडावा लागतो, हे वर आलंच आहे. बाहेरच फॉस्फेटची गर्दी असेल तर ते अवघड होतं आणि जोर कमी पडतो. कोठारातून कॅल्शियमही कमी सुटू लागतं. पाय जड होतात, आपण थांबतो. एटीपीची पातळी धोक्याच्या रेषेच्या बरीच वर असतानाच हे घडतं. थकवा म्हणजे स्नायूचा कमकुवतपणा असं आपण समजतो. मला तो स्नायूचं सगळ्यात शहाणं काम वाटतो. दुसऱ्या दिवशी अंग दुखतं त्याचा दोष लॅक्टिक ॲसिडला दिला जातो, तो चुकीचा आहे. ते तासाभरातच निघून गेलेलं असतं. दुखणं येतं ते तंतूंना झालेल्या बारीक इजेतून आणि ती भरून निघताना येणाऱ्या सुजेतून.

पोटरीत गोळा येतो, तेव्हा एटीपी संपलेलं असतं का? नाही. तिथे बहुतेक वेळा मज्जातंतूच आदेश पाठवायचे थांबत नाहीत. पायाचा चवडा स्वतःकडे ओढून पोटरी ताणली की आराम पडतो, तो त्या आदेशांना आवर बसतो म्हणून.

दरवाजाच बिघडला तर मात्र प्रकरण जिवावर बेतू शकतं. काही माणसांमध्ये जन्मतःच कॅल्शियमच्या कोठाराचा दरवाजा सदोष असतो. एरवी काही जाणवत नाही. पण शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देताना हुंगवल्या जाणाऱ्या काही वायूंमुळे तो उघडतो आणि उघडाच राहतो. स्नायू कडक होतात, पंप जिवाच्या आकांतानं कॅल्शियम आत ढकलत एटीपी जाळत राहतात, ते दरवाजातून पुन्हा बाहेर येतं, आणि या व्यर्थ धडपडीतून निघालेल्या उष्णतेनं शरीराचं तापमान भराभर चढतं. यावर डँट्रोलिन हे औषध आहे. ते या दरवाजातून होणारी गळती रोखतं. भूलतज्ज्ञ शस्त्रक्रियेआधी 'घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का?' असं विचारतात, ते यासाठीही. हा प्रश्न उडवून लावू नका, माहीत असेल ते नीट सांगा.

आणि हृदय. हृदय चांगलं म्हणजे जोरात आखडणारं, असं आपण धरून चालतो. पण हृदयात रक्त भरतं ते दोन ठोक्यांच्या मधे, स्नायू सैल असताना. डाव्या बाजूच्या जाड भिंतीला स्वतःला रक्त मिळतं तेही मुख्यतः तेव्हाच. आखडलेल्या अवस्थेत भिंतीतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. त्यामुळे आखडणं उत्तम आणि सैल होणं अर्धवट, असं हृदयही माणसाला धाप लावतं. हृदयाची भिंत जाड होण्याच्या एका आनुवंशिक आजारात अनेकदा असंच घडतं. मायोसिन किंवा त्याच्या सोबतच्या प्रथिनात जन्मजात बदल असतो आणि गरजेपेक्षा जास्त डोकी कामाला लागतात. निरोगी हृदयात बरीच डोकी कोणत्याही क्षणी तंतूला पाठ टेकून, अगदी कमी एटीपी वापरत पडून असतात. या आजारात अशी विसावलेली डोकी कमी होतात. २०२२ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं मॅव्हाकॅम्टेन हे औषध नेमकं मायोसिनवरच काम करतं. ते हृदयाला ताकद देत नाही. जादा जागी झालेल्या डोक्यांना परत तंतूला टेकवतं, आणि दोन ठोक्यांच्या मधे हृदय पुन्हा नीट सैल पडू लागतं.